पडलेल्या किंगला लाथ

पौड रस्त्यालगतच्या तळघरातलं गेम पार्लर. शनिवारची संध्याकाळ, पाय ठेवायला जागा नाही. ‘टेकन ८’च्या पडद्यावर किंग, म्हणजे जग्वारचा मुखवटा चढवलेला पैलवान, उताणा पडलाय. जिन पुढे सरकतो आणि त्याच्या बरगडीत लाथ घालतो. खेळ खल्लास.

“ओटीजी!” जिनवाला ओरडतो. “कॉम्बोतच होती. काही करूच शकला नसतास.”

“कसली ओटीजी? ओकी होती ती. मी लोळलो नाही म्हणून लागली.”

झालं! पुढच्या जोडीचा नंबर लागलाय, पण कंट्रोलर कुणी सोडेल तर शपथ.

ओटीजी म्हटल्यावर ज्यांना केक भाजायची भट्टी आठवते त्यांच्यासाठी सांगतो: इथे हा जमिनीवर पडलेल्याला मारलेला फटका. त्याच्या पूर्ण रूपावरही एकमत नाहीच. कोपऱ्यातला चष्मेवाला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’वर वाढलेला. तो म्हणतो, ‘ऑफ द ग्राउंड’. जमिनीवरून उचलून कॉम्बो, म्हणजे चुकवता न येणारी फटक्यांची साखळी, पुढे चालवणारा. जिनवाला ‘ऑन द ग्राउंड’वर ठाम. दोन्ही रूपं जगभर चालतात. ओकी मात्र जपानी ‘ओकिझेमे’चं लघुरूप, उठणाऱ्यावरची चढाई.

काउंटरमागचे दादा १९९८च्या प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ खेळलेले. “आमच्या वेळी पडलेल्याला मारलं की शिव्या पडायच्या,” ते म्हणतात. पोरं हसतात, आणि मला वाटतं बरोबरच हसतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये आडव्या पडलेल्याला फटका लागतच नाही, तो उभा राहील नेमक्या त्या क्षणी आपली लाथ तिथे पोचेल, असा हिशेब बांधावा लागतो. ‘टेकन’मध्ये मात्र पडून राहणं हाही एक डाव आहे. तसंच पडून राहा, बाजूला लोळा, मागे कोलांटी घ्या, नाहीतर उठता उठता लाथ झाडा. यातलं समोरचा काय करणार हे ओळखून मारणारा आधीच हात टाकतो. त्यात दयामाया कसली आणायची?

चष्मेवाल्याचा धीर सुटतो. तो कंट्रोलर हिसकावून सराव मोड उघडतो, समोर किंग उभा करतो आणि सेटिंगमध्ये टाकतो: पडल्याबरोबर बाजूला लोळ.

“आता मार.”

जिनवाला तोच कॉम्बो लावतो. किंग उडतो, आपटतो आणि गपकन बाजूला लोळतो. लाथ रिकाम्या फरशीवर. “उशीर झाला,” म्हणत तो पुन्हा मारतो. अंगठा बटणावर इतका दाबलेला की नख पांढरं पडलंय. पुन्हा फरशीच.

“बघ!” किंगवाला टाळी मागतो. “ओकी!”

पण एवढी टाळीसुद्धा त्याची नाही. लाथ आडव्या अंगावर लागली, तेव्हा ती ओटीजी होतीच. चुकवता येत होती, तेव्हा कॉम्बोतली नव्हती. आणि किंग लोळणार नाही असा अंदाज बांधून मारलेली, म्हणून ओकीचाच भाग. दोघं भांडले नावावरून. खरा प्रश्न होता तो पडलेल्याला सुटका होती की नाही, एवढाच. ती होती. किंगवाल्याने बटण दाबलं नाही, म्हणून तो हरला.