पुरेसें म्हणजे किती ?

जगांत द्रव्यावांचून चालत नाहीं, हें सांगावयास पंडित नको. फी भरावयाच्या दिवशीं तें आम्हां विद्यार्थ्यांस पुरतें कळतें. द्रव्यलोभाची निंदाहि आम्हीं पुष्कळ ऐकिली आहे. परंतु पुरेसें म्हणजे किती, हा आंकडा उपदेशक सहसा सांगत नाहींत. तो आंकडा आधीं ठरवून त्यावर आयुष्य बेतणारीं माणसें पुण्यांत होऊन गेलीं. त्यांची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

२ जानेवारी १८८० रोजीं तेथें न्यू इंग्लिश स्कूल निघालें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. संस्थेच्या आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावयाची व मासिक सुमारें ७५ रुपयांत संतोष मानावयाचा, असा रिवाज पडला. त्याच पदवीच्या बळावर सरकारी नोकरींत याच्या कित्येक पट वेतन मिळे.

यास कोणी संन्यास म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. हीं माणसें प्रपंची होतीं. ७५ रुपयांत संसार चाले, आणि उरलेल्या पगाराच्या बदल्यांत त्यांस वेळ व मोकळी जीभ मिळे. १८८२ सालीं टिळक व आगरकर या दोघांनीं 'केसरी'तील लेखनापायीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढिले. सरकारी नोकरीवर असतां तसें लिहिण्याची सोय त्यांस कोठून असती ?

परंतु ध्येयाची किंमत ध्येयवादी एकटाच देतो असें नाहीं. गोपाळ गणेश आगरकर अत्यंत दारिद्र्यांत शिकले. मुलगा एम. ए. झाला कीं मोठा पगार येईल व हाल संपतील, ही आईची आशा. तिला त्यांनीं आधींच पत्रानें कळविलें कीं, आपण पोटापुरत्या पैशावर राहून सर्व वेळ परहितांत घालविणार. तें पत्र आजवर कौतुकानें सांगितलें जातें. तें हातीं पडल्यावर त्या माउलीस काय वाटलें असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वडील बंधूंस दरमहा १५ रुपये पगार होता. त्यांतले ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणास धाडीत व ७ रुपयांत घर चालवीत. (त्या धाकट्याचें अंकगणिताचें पुस्तक पुढें शाळाशाळांतून चाललें.) असा भाऊ संस्थेच्या अल्प वेतनावर शिक्षक झाला !

पुढें या मंडळींतच भांडण जुंपलें. सभासदानें सर्व वेळ संस्थेस द्यावा, बाहेरून अर्थप्राप्ति करूं नये, असा टिळकांचा आग्रह. फावल्या वेळाचा धनी ज्याचा तो, असें इतरांचें म्हणणें. पैशाचा आंकडा ठरविणें त्यांस साधलें, वेळाची वांटणी मात्र साधली नाहीं. आणि आमच्या मतें दुसरें कामच अधिक कठीण होय. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करिलें, तेव्हां वाद विकोपास गेला व टिळक संस्थेंतून बाहेर पडले.

आगरकर राहिले. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते. दमा जडलेलाच होता. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या उशाशीं एक पुरचुंडी सांपडली, असें सांगतात. तींत अंत्यविधीच्या खर्चासाठीं वेगळे काढून ठेविलेले वीस रुपये होते.