ब्रेकर आम्हीच बांधला होता

संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या गल्लीतल्या बाया लेकरांना हाका मारायला लागतात. जेवायला नव्हे, रस्त्यावरून आत घ्यायला. पाच ही शिकवण्यांची वेळ. एक शिकवणी सुटते, दुसरी भरते आणि या दोन्हींच्या मधे आमची गल्ली आहे. पंधरा फूट रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना नाली, मधे कुणाची शेळी, कुणाचं वाळवण. त्यातून ही स्कूटीवाली, बुलेटवाली पोरं अशी जातात की ओट्यावर बसलेल्या आजीचा पदर उडावा.

बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. पूर्वी घरटी एक सायकल असायची, आता घरटी दोन मोटारसायकली आहेत. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा आम्हीच पेढे वाटले होते. चिखल गेला याचा आनंद होता. चिखल गेला म्हणजे गाड्यांची चाल वाढणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कोपऱ्यावरच्या घरी एक चार वर्षांचं लेकरू आजीजवळ राहतं. आईबाप ऊसतोडीला गेलेले. आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की अशी कितीतरी लेकरं म्हाताऱ्यांच्या भरवशावर मागे राहतात. आजीला दिसतं कमी, गुडघे धरलेले. लेकरू चेंडूमागं धावलं आणि समोरून स्कूटी आली. नशीब म्हणायचं, हाताला खरचटण्यावर निभावलं. पण त्या आजीनं जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. "त्याच्या मायला मी काय सांगू गं बाई!" एवढंच ती म्हणत होती.

त्या रात्री आम्ही सात-आठ जणी एकत्र आलो. शेजारच्या बांधकामावर मुरूम पडलेला होता, दगडं होती. पदर खोचले, घमेली भरली आणि रस्त्यावर आडवा बांध घातला. वरून सिमेंटचा हात फिरवला. बचत गटाची मीटिंग मीच घेते, त्यामुळे पुढारपण माझ्याकडेच. "आता कसे पळतात बघू," असं मीच म्हणाले होते. वीतभर उंच आणि फूटभर रुंद असा तो ब्रेकर. सकाळी पोरांनी करकचून ब्रेक मारले, तेव्हा आम्हाला काय आनंद झाला!

आठ दिवसांनी, दिवेलागणीला लाईट गेलेली असताना, पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू यजमानांच्या गाडीवर मागं बसून बाजारातून येत होत्या. एका बाजूला पाय सोडून, एका हातात भाजीची पिशवी. यजमान हळूच चालवत होते. अंधारात ब्रेकर दिसला नाही. काकू मागच्या मागं पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अंबाजोगाईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. अजूनही त्या काठीशिवाय चालत नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं." त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ब्रेकर आम्ही दुसऱ्याच दिवशी फोडून टाकला. पण प्रश्न तिथेच राहिला. लेकरू वाचवायचं म्हणून काही केलं तर काकू पडल्या. मग करायचं तरी काय?

आमच्याकडे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना विचारायला गेले तर आधी ते हसले, मग वहीच काढून बसले. ब्रेकरलासुद्धा माप असतं हे मला त्या दिवशी कळलं. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आपल्या देशातल्या रस्त्यांचे नियम ठरवते. तिच्या मापाप्रमाणे ब्रेकरची मधली उंची फक्त १० सेंटीमीटर, म्हणजे चारच बोटं. आणि रुंदी? ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट! हळूहळू चढणारा आणि हळूहळू उतरणारा, उलट्या परातीसारखा. ताशी २५ किलोमीटरनं येणारी गाडी त्यावरून आरामात जाते, जोरात येणाऱ्याला मात्र दणका बसतो. वर काळे-पांढरे पट्टे हवेत, अलीकडे ४० मीटरवर पाटी हवी. आम्ही बांधला होता तो ब्रेकर नव्हताच, काका म्हणाले, "तो तुम्ही शेताचा बांध घातला होता." आपल्याकडे गावोगाव असेच बांध घातलेले आहेत. हळू जाणाऱ्याची कंबर मोडते आणि पोरं बाजूच्या फटीतून गाडी काढून तशीच पळतात.

काकांनी आणखी एक हिशोब सांगितला. तो मी आता प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. ताशी ३० नं जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या थोडी पुढे जाते. लेकरू दिसलं, हे डोक्यात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तो सेकंद जातो. पुढं पाचेक मीटरवर गाडी उभी राहते. म्हणजे झाले तेरा मीटर. तीच गाडी ५० नं असेल तर त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर निघून जाते. बघा बरं, तीसवाला जिथं थांबलेला असतो, तिथं पन्नासवाल्याचा ब्रेक लागलेलाही नसतो. "पन्नास म्हणजे काही फार नाही हो वहिनी," असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. माणसांची ये-जा असते अशा रस्त्यावर ३० च्या वर वेग नको, असं २०२० साली स्टॉकहोमला भरलेल्या जागतिक परिषदेतही ठरलं आहे.

आपल्याला वाटतं अपघात हायवेवर होतात. आपल्या जिल्ह्यानं तर हे दुःख जवळून पाहिलंय. ३ जून २०१४ ला गोपीनाथराव मुंडे गेले, ते हायवेवर नाही. दिल्लीत, शहरातल्या चौकात, सकाळी विमानतळाकडे जाताना दुसऱ्या गाडीची धडक बसली. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटली नव्हती.

काकांच्या सुनेनं मला नेदरलँड्सची गोष्ट वाचायला दिली. सायकलींचा देश म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण १९७१ साली त्या एवढ्याशा देशात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांचे खून थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचं नाव. मार्तजे व्हॅन पुटन ही तरुण आई त्यात पुढे होती. त्यांनी रस्ते अडवून मधोमध मुलांना खेळायला सोडलं. पुढे १९७६ साली सरकारनं वस्तीतल्या रस्त्यांसाठी कायदाच केला. अशा रस्त्यावर चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या लेकराचा हक्क पहिला, गाडीनं पावलाच्या चालीनं जायचं. रस्त्यात झाडं, वळणं, बाक, म्हणजे गाडीला पळताच येऊ नये. वाचताना मला आमच्या आजोळची जुनी गल्ली आठवली. तिथंही मधे पार होता, हौद होता, बैलगाडीसुद्धा हळूच वळायची. आपण पार काढून रस्ता सरळ केला आणि त्याला विकास म्हटलं!

असो. आम्ही या वेळी रीतसर गेलो. तीस बायांच्या सह्या, रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा, मापाचा कागद. जिल्ह्याला कलेक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. २०१७ साली सुप्रीम कोर्टानंच प्रत्येक जिल्ह्यात ती नेमायला सांगितली आहे. एक प्रत तिकडेही पाठवली. चार हेलपाटे झाले, पण चार महिन्यांनी ब्रेकर झाला. अगदी बारा फुटांचा नाही, नऊ-दहाचा असेल. पण काकूंना त्यावरून रिक्षातून नेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत.

आता जी गोष्ट सांगायची राहिली, ती सांगायला मला जड जातंय. त्या दिवशी चेंडूमागं धावलेल्या लेकराला घासून गेलेली स्कूटी कुणाची होती, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. चालवणारा आमच्याच घरातला होता. माझा धाकटा, अकरावीतला. रात्री घमेली मी उचलली, पण त्याला एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्याच्या पोरांना आडवा दगड आणि स्वतःच्या पोराला किल्ली!

आणि किल्ली मीच दिली होती. शिकवणी दोन किलोमीटरवर, ऊन फार, यांना वेळ नाही. शिवाय सोळाव्या वर्षी लायसन मिळतं असं मी ठामपणे सगळ्यांना सांगायची. मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. आपल्या घरातल्या स्कूट्या शंभराच्या वर असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा आणखी कडक झालाय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले, तेव्हा गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. आपण टीव्हीसमोर बसून त्याच्या आईबापाला शिव्या घातल्या. मीही घातल्या. त्या वेळी आमच्या स्कूटीची किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यालाच लटकत होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हे सगळं बायांसमोर बोलून टाकलं. आधी शांतता. मग एक म्हणाली, "माझा तर नववीतच नेतो गं." दुसरी म्हणाली, "माझं ऐकतच नाही, बाप देतो त्याला." हळूहळू सगळ्यांचं बाहेर आलं. अकरा जणींनी किल्ल्या स्वतःकडे ठेवायचं कबूल केलं. त्यातल्या आठ अजून टिकून आहेत, तिघींच्या घरी नवऱ्यापुढं चाललं नाही. आम्ही दोन रिक्षा महिन्याच्या ठरवल्या, पोरं वाटून पैसे देतात. उसाच्या ट्रॅक्टरचं मात्र अजून जमलेलं नाही. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावून, कर्कश गाणी लावून ते शॉर्टकट म्हणून आमच्याच गल्लीत घुसतात. त्यासाठी नवा अर्ज लिहायला घेतलाय.

धाकटा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. "आई, वर्गात मी एकटाच रिक्षानं येतो," म्हणायचा. परवा मात्र शिकवणीहून येताना तो कोपऱ्यावर उतरलेला दिसला. ते चार वर्षांचं लेकरू चेंडू घेऊन उभं होतं. यानं दप्तर ओट्यावर ठेवलं, चेंडू मागितला. आजी आतून ओरडली, "कोण हाय रं तिथं?" तर हा म्हणाला, "मीच हाय आजी, स्कूटीवाला."

किल्ली आता ज्वारीच्या कोठीत आहे. त्याला ठाऊक आहे. अजून तरी काढलेली नाही.