मुलांचा इसब : दोष रक्ताचा की कातडीचा?

कोपराच्या खळगीत, गुडघ्याच्या मागे, मनगटावर लालसर खरखरीत चट्टे, त्यांवर नखांनी ओढलेल्या रेघा, आणि तास संपेपर्यंत स्वस्थ न राहणारा हात. असे एखादे मूल बहुतेक शिक्षकांच्या वर्गात कधी ना कधी येऊन गेलेले असते. शेजारचा विद्यार्थी त्याच्यापासून सरकून बसतो. एखादे पालक "आमच्या मुलीला त्याच्याजवळ बसवू नका" असे सांगून जातात. घरी आजी म्हणते, "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे." कोणी म्हणते, रक्त बिघडले आहे.

हा लहान मुलांतला इसब होय. वैद्यकात त्याला 'अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस' म्हणतात. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. (नायटा आणि खरूज यांची गोष्ट वेगळी. ते लागण होणारे रोग आहेत आणि दिसायला कधीकधी फसवतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.)

रक्त बिघडल्याच्या समजुतीत सत्याचा एक कण मात्र आहे. रक्तातून कातडीत उतरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा या रोगात मोठा हात असतो. पण त्या पेशी दुबळ्याही नसतात आणि नासलेल्याही नसतात. त्या आपले काम चोख करीत असतात, फक्त ज्या शत्रूसाठी ते काम आहे तो शत्रू तेथे नसतो.

१९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून दाखवले, की साहाय्यक टी-पेशी दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार मुख्यतः पेशींच्या आत शिरणाऱ्या जंतूंविरुद्ध उपयोगी पडतो. दुसरा प्रकार जंतांसारख्या मोठ्या परजीवींसाठी आहे. जंत पांढऱ्या पेशीपेक्षा कितीतरी मोठा, त्याला गिळून टाकणे शक्य नाही. त्याला बाहेर ढकलावे लागते, आणि त्यासाठी शरीर चिकट स्राव, सूज, खाज अशा युक्त्या वापरते. या दुसऱ्या प्रकारच्या पेशी 'इंटरल्यूकिन-४' आणि 'इंटरल्यूकिन-१३' ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. इसबाच्या चट्ट्यात नेमक्या याच पेशी गर्दी करून असतात. आता प्रश्न असा, की जंत नसताना त्यांना बोलावले कोणी?

उत्तराचा एक भाग कातडीत आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटा आणि त्यांमधला चुना असे त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. या विटा घट्ट करणारे 'फिलाग्रिन' नावाचे प्रथिन असते. पुढे त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे पाणी धरून ठेवतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील अर्विन मॅकलीन यांच्या गटाने दाखवून दिले, की फिलाग्रिनचे जनुक बिघडलेले असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. असे जनुक असलेल्या प्रत्येकाला इसब होतो असे नाही, आणि इसब झालेल्या प्रत्येकात ते सापडते असेही नाही. भिंत गळकी झाली म्हणजे काय होते, हे वर्गात सहज दाखवता येईल. सारख्या वजनाचे दोन बटाटे घ्या, एकाची साल काढा, आणि आठवडाभर दोन्ही रोज वजन करा.

पाणी बाहेर जाते त्याच फटींतून साबण, धुळीतल्या किड्यांचे कण, परागकण आत येतात. तेथे लांगरहान्स पेशी बसलेल्या असतात. पॉल लांगरहान्स याने १८६८ साली बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच त्या शोधल्या. त्यांच्या फांद्या पाहून त्या चेतापेशी असाव्यात असे त्याला वाटले! प्रत्यक्षात या फांद्या म्हणजे पाहणी करणारे हात होत. आत आलेल्या कणाचा तुकडा घेऊन ही पेशी जवळच्या लसिकाग्रंथीकडे जाते (अवधाण आले म्हणजे हाताला लागतात त्या गाठी) आणि तेथे टी-पेशींना तो दाखवते. दुखावलेल्या कातडीच्या पेशीही धोक्याचे इशारे सोडतात. त्या इशाऱ्यांमुळे टी-पेशी दुसऱ्या प्रकाराकडे वळतात.

येथून पुढे चक्र सुरू होते. टी-पेशींची ती दोन प्रथिने कातडीच्या पेशींना फिलाग्रिन कमी करायला लावतात, त्यामुळे जनुक धडधाकट असलेल्या मुलाचीही भिंत गळू लागते. कातडीतली जंतुनाशक प्रथिनेही घटतात आणि 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या जिवाणूचे फावते. 'इंटरल्यूकिन-३१' हे आणखी एक प्रथिन थेट चेतातंतूंवर काम करून खाज उत्पन्न करते. या जिवाणूचा एक विकरही चेतातंतूंना परस्पर डिवचतो, असे २०२३ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले. मूल खाजवते, भिंत आणखी फुटते. तेव्हा "खाजवू नकोस" असे ओरडून काही साधत नाही. रात्रभर खाजवून पहिल्या तासाला पेंगणारे मूल आळशी नसते.

फार वर्षे संशय 'आयजीई' या प्रतिपिंडावर होता, कारण इसबाच्या पुष्कळ मुलांत ते वाढलेले आढळते. पण ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत अशा मुलांतही इसब दिसला आहे. आयजीई अडवणाऱ्या औषधाने दम्यात गुण येतो, इसबात मात्र त्याने निराशाच केली. तरीही आयजीईच्या तपासणीचा कागद पाहून दूध, अंडी, शेंगदाणे सरसकट बंद करणारी घरे आहेत. मला हे चुकीचे वाटते. २०१५ साली लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटाने ६४० तान्ह्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांना तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे होते. ज्यांना शेंगदाणे दिले नाहीत त्यांपैकी १७ टक्क्यांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याचे वावडे निर्माण झाले. ज्यांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित खाऊ घातले त्यांच्यात हे प्रमाण ३ टक्के होते. फुटक्या कातडीतून शिरलेले अन्नकण टी-पेशींना शत्रू वाटतात, तोंडावाटे लवकर आलेले अन्न बहुधा ओळखीचे होते, असा याचा अर्थ लावतात.

टी-पेशींच्या दोषाचा सर्वांत सबळ पुरावा औषधाने दिला. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा संदेश एकाच वेळी अडवणाऱ्या 'ड्युपिलुमॅब'ला अमेरिकेत २०१७ मध्ये प्रौढांसाठी आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांपुढील मुलांसाठी मान्यता मिळाली. त्याने पुष्कळांची कातडी निवळते, खाज उतरते. किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. आपल्याकडे आधार आहे तो आंघोळीनंतर लगेच लावायच्या स्निग्ध मलमाचा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरत्या स्टेरॉइड मलमाचा. हे स्टेरॉइड टी-पेशींनाच गप्प करते. म्हणूनच औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणून ते नायट्यावर चोळले, तर नायटा फोफावतो.

मग जन्मल्यापासूनच बाळाला मलम चोपडले तर इसब टळेल का? ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर हे करून पाहिले. २०२० साली निष्कर्ष आला: दुसऱ्या वर्षी मलम लावलेल्यांत २३ टक्के आणि न लावलेल्यांत २५ टक्के मुलांना इसब होता. म्हणजे फरक पडला नाही. झालेल्या इसबावर मलम उपयोगीच आहे, पण तो टाळायला नुसते लिंपण पुरत नाही.

आणखी एक गोष्ट. बरा झालेला इसब पुन्हा त्याच कोपरात, त्याच मनगटावर का उगवतो? एका प्रौढ माणसाच्या कातडीत सुमारे २००० कोटी टी-पेशी असतात, रक्तात असतात त्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यांतल्या काही जुन्या शत्रूची आठवण ठेवून जागच्या जागी मुक्काम करतात. ड्युपिलुमॅब वर्षभर घेऊन कातडी स्वच्छ झालेल्या रुग्णांतही अशा पेशी मागे राहिलेल्या २०२१ साली आढळल्या. कातडी नितळ दिसत होती आणि पेशी तेथेच होत्या.