वारशाने आलेली इंग्लिश हस्तचित्रित भांडी : ओळख आणि कालनिर्णय

वाडवडिलांकडून आलेल्या वस्तूबरोबर बहुधा एक आख्यायिकाही येते. समजा, एखाद्या इंग्लिश कुटुंबात रंगीत फुलांचा एक जग आहे आणि तो पणजीच्या 1885 मधील विवाहात आला, असे घरात सांगितले जाते. ही परंपरा खरी मानावी काय? ती ऐकताच ग्राह्य धरणे जितके अनुचित, तितकेच ती ऐकताच टाकून देणेही अनुचित होय. वस्तूची साक्ष आधी घ्यावी, परंपरेची मागाहून. हा क्रम अभ्यासकाने सोडू नये.

प्रथम मूळ माती पाहावी. पातळ भांडे उजेडासमोर धरले असता प्रकाश आरपार जाणवला, तर ते पोर्सिलेन किंवा अस्थिमिश्रित चिनी मातीचे असावे. या दुसऱ्या मातीत जनावरांच्या हाडांची राख सुमारे निम्मी असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात तिला स्थिर रूप आले. अपारदर्शक भांड्यांत 1760 नंतरच्या दशकांत मलईच्या रंगाची भांडी लोकप्रिय झाली. 1779 मध्ये वेजवुड यांनी किंचित निळसर छटेची झिलई बाजारात आणली. तिच्यातील कोबाल्टामुळे तळकड्याच्या खाचेत, जेथे झिलई साचते तेथे, निळी झाक स्पष्ट दिसते.

यानंतर चित्रण पाहावे. 'हस्तचित्रित' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ताम्रपट्टीवर कोरलेली आकृती पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवावी आणि तिच्या रेषांत हाताने रंग भरावा, ही पद्धत स्टॅफर्डशायरमध्ये सर्रास होती. भिंगातून पाहिल्यास अशा भांड्यावरील बाह्यरेषा सर्वत्र सारख्या जाडीची आणि एकसुरी दिसते. शिलामुद्रणाच्या छापात रंगाचे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या कुंचल्याच्या फटकाऱ्यात मात्र रंग आरंभी दाट व शेवटी विरळ असतो, आणि एकाच संचातील दोन बश्यांवरची फुले कधीही तंतोतंत जुळत नाहीत. बोट हळुवार फिरवले असता झिलईवरील रंग किंचित उंच लागतो. झिलईखालील रंग लागत नाही.

तिसरी साक्ष तळावरील मुद्रेची. 1842 पासून 1883 पर्यंत नोंदणीकृत नमुन्यांवर हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह आढळते. 1867 पर्यंत त्याच्या वरच्या कोनात वर्षाचे अक्षर असे; 1868 पासून ते उजव्या कोनात गेले. 1884 पासून हे चिन्ह जाऊन 'आरडी नंबर' असा अनुक्रमांक आला. त्याचा आरंभ 1 पासून झाला आणि 1900 च्या आरंभी तो साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचला. नोंदणीची कागदपत्रे आज क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परंतु ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची आहे, भांडे घडवल्याची नव्हे. जुन्या पोथीची नक्कल करताना लेखक कधी मूळ पुष्पिकेतील शकही उतरवून घेतो. तसाच हा प्रकार. त्या तारखेवरून केवळ पूर्वमर्यादा मिळते.

'इंग्लंड' हा शब्द मुख्यतः 1891 नंतरचा, कारण अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक केले. 'मेड इन इंग्लंड' ही मुद्रा सामान्यतः विसाव्या शतकातील असते. याउलट, मुद्रा नाही म्हणून भांडे जुने, हे अनुमान सदोष आहे; पुष्कळ भांड्यांवर मुद्रा मुळीच नसे. कारखान्याच्या नावाखालील स्थापनावर्षही भांड्याचे वय सांगत नाही. नामसादृश्यही फसवे असते : टनस्टॉलची 'वेजवुड अँड कंपनी' आणि जोसाया वेजवुड यांचा कारखाना हे दोन वेगळे होत.

स्वाक्षरीविषयीही सावध राहावे. क्लॅरिस क्लिफ (1899–1972) यांच्या बर्स्लेम येथील 'बिझार' भांड्यांवर, जी 1928 पासून विक्रीस आली, त्यांची स्वाक्षरी दिसते. पण ती सहसा छापलेली असते. चित्रण तरुण कामगार स्त्रिया करीत. एकीने बाह्यरेषा काढावी, दुसरीने रंग भरावा, तिसरीने फिरत्या चाकावर पट्टे ओढावेत, अशी श्रमविभागणी असे. तळाशी दिसणारी एखादी लहानशी रंगीत खूण अशाच एखाद्या कामगार स्त्रीची असू शकते. झिजलेला डाग समजून ती घासून काढू नये.

दुसऱ्या महायुद्धाचा पुरावाही उपयोगी आहे. 1942 पासून ब्रिटनमधील ग्राहकांसाठी सुशोभित भांडी बनविण्यास बंदी होती. ती 1952 मध्ये उठली. निर्यात मात्र चालू होती. म्हणून त्या दशकातील चित्रित भांडे ब्रिटिश घरात आढळल्यास ते तेथे कसे आले, हे विचारावे लागते.

आता आरंभीच्या जगाकडे वळू. त्याच्या तळाशी 'मेड इन इंग्लंड' असून अनुक्रमांक साडेसात लाखांच्या पुढचा आहे, असे समजा. तेव्हा नमुन्याची नोंदणी 1930 च्या सुमारास किंवा त्यानंतर झाली असली पाहिजे. 1885 चा विवाह बाद ठरतो. परंतु त्याच विवाहाचा पन्नासावा वाढदिवस 1935 मध्ये येतो. त्या प्रसंगी मिळालेली भेट पुढच्या पिढ्यांच्या स्मरणात 'लग्नातील वस्तू' झाली असणे असंभवनीय नाही. हे अनुमानच आहे आणि त्यास पत्र वा छायाचित्र यांचा आधार शोधावा लागेल. तथापि परंपरेतील चूक दाखविल्यावर तिच्यातील सत्यांश शोधणे, हेही संशोधकाचे कर्तव्य होय. कालनिर्णयाने जगाचे वय पन्नास वर्षांनी कमी झाले. पण तो कोणत्या दिवशी कोणाच्या हाती आला असावा, हे विचारण्याची वाट त्यानेच मोकळी केली.