पत्रिकेतले आजोबा आणि घरातले टिळक

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या ख्रिस्ती घरात आजोबा गेले की स्मरणसभेसाठी एक घडीची पत्रिका छापतात. वर फोटो. खाली जन्म, बाप्तिस्मा, लग्न, निवृत्ती आणि प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्याची तारीख. मग मजकूर: मंडळीचे इतकी वर्षं सभासद, पंच म्हणून सेवा, उपासना कधी चुकवली नाही. यातलं काही खोटं नसतं. पण पत्रिका वाचून होते आणि मंडळीला हा माणूस किती लाभला एवढंच कळतं. घराला किती लाभला, याला त्या घडीत जागा नसते.

कॅम्प २ हा पत्ताच मुळी उपऱ्यांचा. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथल्या बराकींत आलेले सिंधी निर्वासित, 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते झालेलं नव्या नगराचं नामकरण. पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉन आलं, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि कल्याणचं रेल्वे यार्ड होतंच. या नोकऱ्यांमागे कुठून कुठून माणसं आली. त्यात ख्रिस्ती घरंही होती. गाव सुटलेल्या माणसाला मंडळी हीच भावकी. म्हणून या पट्ट्यातल्या आजोबांचं चर्चशी नातं घट्ट दिसतं, आणि म्हणूनच पत्रिकेत चर्च घराला झाकून टाकतं.

मराठीत या झाकणाखाली एका बाईनं हात घातला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची स्तुती आपण भाषेसाठी करतो, विनोदासाठी करतो. मला ते पुस्तक भक्त माणसाच्या घरखर्चाची वही वाटतं. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) हे मराठी ख्रिस्ती समाजाचे कुलपुरुषच. उपासनेत गायली जाणारी शेकडो गीतं त्यांची. भजन-कीर्तन त्यांनी चर्चमध्ये रुजवलं आणि 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला. त्यांची पत्रिका कुणीही लिहिली असती आणि ती सुरेख झाली असती.

लक्ष्मीबाई मात्र सांगतात ते निराळंच. हातात पैसा आला की तो कुणाला तरी दिलेला असायचा. न सांगता घर सोडून जाणं ही तर सवयच. नोकऱ्या धरायच्या, सोडायच्या. या फिरतीत हे जोडपं मुरबाडलाही राहिलं. शहाडवरून ज्याचा रस्ता जातो तेच मुरबाड. आपल्याकडच्या वाचकाला ते परकं नाही. मग 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मंडळीच्या नोंदवहीत हा आनंदाचा दिवस. बायकोच्या बाजूनं तोच दिवस वैधव्यासारखा आला. लहान मुलाला, दत्तूला, घेऊन ती नातलगांकडे, पंढरपूरला राहिली. स्वतः ख्रिस्ती व्हायला तिला आणखी जवळजवळ पाच वर्षं लागली, आणि ती झाली ती नवऱ्यामागे फरपटत नाही. आपल्या बुद्धीनं, आपल्या वेळेला. टिळकांनी वाट पाहिली, हे मला त्यांच्या सगळ्या गीतांपेक्षा मोठं वाटतं.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला. चरित्रकाराला हा त्यागाचा कळस दिसतो. पगार थांबल्यावर चूल कुणी पेटती ठेवायची, हे विचारायला बायकोच लागते. (आपल्या चर्चमधले कितीतरी आजोबा पहिल्या तारखेला दशांश आधी बाजूला काढत. उरलेल्यात महिना रेटणाऱ्या आजीचं नाव पत्रिकेत ‘शोकाकुल परिवार’ या ओळीत येतं.) आणि गंमत अशी की हे सगळं वाचूनही टिळक लहान होत नाहीत. रागीट, भोळे, लहरी, उधळे टिळक हाडामांसाचे होतात आणि त्यांच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो. गुणांची यादी वाचून तो बसला नसता.

मराठी ख्रिस्ती लेखनातलं याआधीचं मोठं नाव बाबा पदमनजी (1831–1906). त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र महत्त्वाचं खरं, पण तिथे माणूस स्वतःच स्वतःची साक्ष देतो आणि भर धर्मांतरापर्यंतच्या प्रवासावर आहे. घरच्या माणसाची नजर तिथे मिळत नाही.

लक्ष्मीबाईंची नजर तिखट होती, तरी ऋण फेडणारी होती. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर अडलं होतं. त्यापुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ अपुरी होती. शेवटचा भाग देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूनं, पुरा केला.

कॅम्प २ मधल्या घरांत एवढी लिहिती माणसं नसतात आणि तशी अपेक्षाही नको. पण आजोबांच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू टिपलेले असतात. कधी उधारीचा हिशेबही सापडतो. तो हिशेब पत्रिकेत छापायला कुणी धजत नाही. आता पत्रिका इंग्रजीत निघू लागल्या आहेत, कारण नातवंडं इंग्रजी शाळेतली. ज्या आजीला सगळं ठाऊक, तिला त्या वाचता येत नाहीत आणि मजकूर ठरवताना तिला कुणी विचारलेलंही नसतं.