चित्रकथा आणि स्टेशनवरचा बुकस्टॉल

पुस्तकें दोन रीतींनीं विकत घेतलीं जातात : कांहीं ठरवून आणि कांहीं सहज. शब्दकोश किंवा ज्ञानेश्वरीची प्रत घ्यावयाची म्हणून मनुष्य घरून निघतो, दुकान गांठतो, दोन आवृत्त्या ताडून पाहतो आणि मग पैसे काढतो. मुलांची चित्रकथा अशा रीतीनें क्वचितच विकली गेली आहे. गाडीला अजून पांचसात मिनिटें अवकाश असतो. समोर दोरीवर रंगीत मुखपृष्ठें चिमट्यांनीं अडकविलेलीं असतात. मूल तेथून हलावयास तयार नसतें. आणि तिकीट काढून उरलेली मोड वडिलांच्या मुठींत असते. एवढ्या सामग्रीवर तो व्यवहार होतो. गाडी थोडी आधीं आली असती तर तो झालाच नसता.

म्हणूनच चित्रकथा कोठें विकली जाते हा प्रश्न तिच्या बाबतींत दुय्यम नाहीं. तिची किंमत काय असावी, पानें किती असावींत, ती कोणत्या भाषेंत निघावी आणि कोणत्या वयाच्या वाचकाच्या हातीं पडावी, हें पुष्कळसें त्या जागेवरून ठरत आलें आहे. अमेरिकेंतील प्रकाशकांनीं स्टॉलवर व किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत पुन्हां पाऊल टाकून पाहिलें आहे. मुंबईंतहि तसे प्रयत्न होऊन गेले आहेत. परतीचा हा रस्ता दिसतो तितका सरळ नाहीं, आणि त्यांतील खांचखळगे कथेच्या गुणदोषांपेक्षां हिशेबाच्या वहींतच अधिक सांपडतात.

अमेरिकेंतला व्यवहार आधीं पाहिला म्हणजे ही वही वाचतां येते. १९३४ सालीं 'फेमस फनीज' हें चित्रकथांचें मासिक तेथें दहा सेंटांना स्टॉलवर आलें. चार वर्षांनीं 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत सुपरमॅन अवतरला. त्याचीहि किंमत दहा सेंटच. विक्रीची रीति अशी होती : वितरक अंकांचे गठ्ठे दुकानदाराकडे टाकी, दुकानदार ते मांडी, आणि मुदत संपली कीं न खपलेल्या अंकांचे पैसे त्याला माफ होत. सबंध अंक परत पाठविण्याचा खर्च परवडत नसे; म्हणून मुखपृष्ठावरची नांवाची पट्टी तेवढी फाडून पाठवावयाची आणि बाकीचा अंक रद्दींत टाकावयाचा, असा रिवाज पडला. दुकानदाराला यांत तोटा नव्हता. तोटा सारा प्रकाशकाचा. दोन प्रती खपाव्या म्हणून त्याला कित्येकदां तीन किंवा चार छापाव्या लागत.

दुकानदाराला तोटा नव्हता, तसा फायदाहि फारसा नव्हता. दहा सेंटांच्या अंकावर त्याला मिळून मिळून दोनतीन सेंट मिळावयाचे. तीच जागा एखाद्या जाड व महागड्या नियतकालिकाला दिली तर त्याच्या दुप्पटतिप्पट सुटावयाचे. शिवाय मुलें अंक घेण्याऐवजीं उभ्याउभ्या वाचूनच संपवितात, ही तक्रार सर्व देशांतील स्टॉलवाल्यांची आहे आणि ती अगदींच खोटी नाहीं.

१९७३ च्या सुमारास फिल स्यूलिंग नांवाच्या ब्रुकलिनमधील एका शाळामास्तरानें या घोटाळ्यांतून वाट काढली. प्रकाशकांनीं आपणांस थेट माल द्यावा, सवलत अधिक द्यावी, आणि त्याच्या बदल्यांत एकहि अंक परत घेऊं नये, असा करार त्यानें केला. यांतून चित्रकथांचींच म्हणून खास दुकानें उभीं राहिलीं. किती प्रती हव्यात हें आधींच कळूं लागल्यामुळें प्रकाशकाची चिंता मिटली. परंतु खास दुकानांत जाणारा गिऱ्हाईक हा ठरवून जाणारा असतो. सहज जाणाऱ्या-येणाऱ्याची दृष्टि त्या मुखपृष्ठांवर पडेनाशी झाली. जुने वाचक वयानें वाढले, कथाहि त्यांच्याबरोबर प्रौढ व गुंतागुंतीच्या झाल्या, कागद गुळगुळीत झाला, किंमत चढली, आणि आठनऊ वर्षांचें मूल त्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोंचेनासें झालें. २०१३ च्या सुमारास 'मार्व्हल'नें आणि २०१७ मध्यें 'डीसी'नें स्टॉलवरची विक्री जवळजवळ आंवरतीच घेतली. 'आर्ची'चे लहान आकाराचे जाडजूड अंक तेवढे सुपरमार्केटांत, पैसे देण्याच्या टेबलाशेजारीं, टिकून राहिले.

पुढच्याच वर्षीं, २०१८ मध्यें, डीसीनें शंभर पानांचे अंक काढून ते वॉलमार्टच्या तीन हजारांहून अधिक दुकानांत ठेवले. किंमत जवळजवळ पांच डॉलर. आंत एक नवी कथा व बाकीचा मजकूर पूर्वीं छापलेला. जुना मजकूर घालण्यांत युक्ति होती : लेखनाचा व चित्रांचा खर्च एकदां भरून आलेला असल्यानें परतीचे अंक सोसण्यास प्रकाशकाजवळ थोडी शक्ति उरते. पुढें १४ जानेवारी २०२५ रोजीं 'डायमंड' ही दिवाळखोरींत गेली. खास दुकानांना माल पुरविणारी ती पुष्कळ वर्षें जवळजवळ एकमेव वितरणसंस्था होती. सगळा माल एकाच दारानें बाहेर काढण्यांतला धोका त्या वेळीं लहानमोठ्या प्रकाशकांस फार महाग पडून कळला. इटलींत मात्र हा प्रश्न इतका बिकट कधीं झालाच नाहीं; १९४८ पासून निघणारा 'टेक्स' आजहि तेथल्या नाक्यावरच्या वृत्तपत्रांच्या टपरीवर मिळतो.

मुंबईंतल्या कथेचा आरंभ वृत्तपत्राच्याच घरांत झाला. टाइम्स ऑफ इंडिया चालविणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीनें मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें. किंमत साठ पैसे. पहिला नायक ली फॉकचा फँटम. मराठी घरांत तो 'वेताळ' या नांवानें शिरला आणि असा स्थिरावला, कीं त्याचें मूळ नांव पुष्कळ मुलांना मोठेपणींच कळलें. हिंदुस्थानी वाचकास खटकूं नये म्हणून कांहीं नांवेंहि बदललीं : बंगालाचें 'डेंकाली' झालें आणि समुद्रावरील चांचे 'सिंग' होते ते 'सिंगा' झाले. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन पाठोपाठ आले. १९७६ मध्यें आबिद सुरती यांचा 'बहादुर' हा देशी नायक आला. मासिकाचें पाक्षिक व पाक्षिकाचें साप्ताहिक झालें. हिंदी, मराठी, बंगाली, तामीळ अशा अनेक भाषांतून निघालेलें हें प्रकाशन १९९० मध्यें बंद पडलें.

इंद्रजालच्या यशाचें श्रेय वेताळाच्या जांभळ्या-निळ्या पोषाखास देण्याची चाल आहे. तें सगळें त्याचें नव्हे. वृत्तपत्राच्या कंपनीजवळ गांवोगांवचे एजंट होते, त्यांच्याशीं चालू हिशेब होता, आणि गठ्ठे पोंचविणारी गाडी रोजच जात होती. चित्रकथा त्या गाडींत बसली. मिरजेच्या किंवा मनमाडच्या फलाटावर मराठी वेताळ टांगलेला दिसे, तो निराळा खर्च करून तेथें पोंचलेला नसे. पुढें तोच अंक रद्दीच्या दुकानांत अर्ध्या किंमतीला येई, सर्क्युलेटिंग लायब्ररींत कांहीं पैसे भाड्यानें मिळे, आणि कव्हर गळून पडेपर्यंत चाळींतून फिरे. प्रकाशकाला या दुसऱ्या फेरींतून दमडी मिळत नसे. वाचक मात्र मिळत.

अनंत पै हे प्रथम टाइम्सच्याच पुस्तक-विभागांत होते व इंद्रजालच्या उभारणींत त्यांचा भाग होता. १९६७ मध्यें इंडिया बुक हाउसतर्फे त्यांनीं 'अमर चित्र कथा' आरंभिली. तिच्या 'कृष्ण' या अंकावर क्रमांक अकरा आहे, कारण पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. चित्रें राम वाईरकर यांचीं. पुण्याचे प्रताप मुळीक यांनींहि या मालेसाठीं पुष्कळ चित्रें काढलीं. इंद्रजाल आणि अमर चित्र कथा यांत व्यापाराच्या दृष्टीनें एक मोठा भेद होता, आणि तो बहुधा लक्षांत घेतला जात नाहीं. इंद्रजालवर तारीख होती; नवा अंक आला कीं जुना शिळा. कृष्णाला किंवा शिवाजीला तारीख नाहीं. परत आलेली प्रत झटकून दुसऱ्या स्टॉलवर लावतां येते, दहा वर्षांनीं तीच पुन्हां छापतां येते. परतीचा अंक ही जी या धंद्यांतली कायमची डोकेदुखी, तिच्यावर पैंचा हा तोडगा होता. १९८० मध्यें त्यांनीं 'टिंकल' काढलें तें मात्र नियतकालिक. वसंत हळबे यांचा शिकारी शंभू त्यांतलाच.

नंतर दूरचित्रवाणीच्या वाहिन्या वाढल्या, कागद महागला, घरीं येणारीं नियतकालिकें घटलीं. २०११ मध्यें पै निवर्तले, आणि त्याच वर्षीं किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहानें अमर चित्र कथेच्या कंपनींत मोठा हिस्सा घेतला. त्याच समूहाचें 'बिग बझार' शहरोशहरीं होतें. तांदूळ, साबण आणि चित्रकथा एकाच छपराखालीं येण्यास याहून सोयीचा योग कोणता? परंतु सुपरमार्केट ही निराळीच जात आहे. तेथें मालापेक्षां फळीची जागा अधिक मोलाची. प्रत्येक फूट फळीनें महिन्याला किती रुपये आणले याचा तेथें हिशेब चालतो, आणि बिस्किटांचा पुडा व पुस्तक यांना एकच माप लागतें. पैसे मिळण्यास मुदत लागते. फाटलेला, मळलेला माल मुकाट्यानें परत घ्यावा लागतो. २०२० नंतर हा समूहच अडचणींत आला आणि २०२२ मध्यें त्याचीं अनेक दुकानें रिलायन्सकडे गेलीं.

दुसराहि एक भेद आहे. स्टॉलवर मूल एकटें जाऊं शकतें. खाऊच्या पैशांतून काय घ्यावयाचें तें त्याचें तेंच ठरवितें. सुपरमार्केटांत तें आईबापांबरोबर ढकलगाडीच्या मागून जातें, आणि जें घेतलें जातें त्यावर मोठ्यांची मोहोर असते. थोर पुरुषांचीं चरित्रें व पुराणकथा त्या कसोटीस सहज उतरतात. वेताळ, भुतेंखेतें आणि विनोद यांना तेथें खालच्या फळीवर जावें लागतें. ज्या घरांत मुलानें आपणहून वाचावें अशी इच्छा आहे, तेथें हा भेद लहान नाहीं. आपल्या पैशानें, आपल्या निवडीनें घेतलेला पहिला अंक मूल ज्या आस्थेनें वाचतें ती आस्था बक्षिसाच्या पुस्तकाला लाभत नाहीं. त्यांत २०२० च्या मार्चमध्यें मुंबईच्या लोकलगाड्या थांबल्या, विक्रेत्यांनीं वृत्तपत्रें वांटणें कांहीं काळ बंद केलें, आणि फलाटांवरचे स्टॉल कित्येक महिने कुलपांत राहिले. पुष्कळ घरांची पेपरची संवय जी सुटली ती मग लागली नाहीं.

रबाळ्यासारख्या ठिकाणीं हा सारा प्रश्न डोळ्यांपुढें उभा राहतो. ठाणें-वाशी मार्गावर ऐरोली आणि घणसोली यांच्या मधलें हें स्टेशन. २००४ मध्यें या मार्गावरून प्रवासी गाड्या धांवूं लागल्या. एका अंगास आगरी-कोळ्यांचें जुनें गांव व नव्या वसाहती, दुसऱ्या अंगास ठाणें-बेलापूर पट्ट्यांतले कारखाने. गंमत अशी, कीं शेजारच्या ऐरोलींत इंद्रजाल काढणाऱ्या त्याच टाइम्स कंपनीचा प्रचंड छापखाना उभा राहिला, आणि थोडें पुढें महाप्यास 'लोकसत्ता' छापला जातो. रात्रीं कागद येथेंच रंगतो आणि पहांटे येथूनच निघतो. म्हणजे यंत्र जवळ आहे, रस्ता जवळ आहे, मुलें जवळ आहेत. मराठी चित्रकथा तीन मैलांवरच्या फलाटावर पोंचावयास मग अडतें कोठें?

समजा, पन्नास रुपयांचा अंक आहे. वितरक आणि स्टॉलवाला यांचे मिळून वीस रुपये गेले. कागद व छपाईस पंधरा. दहा प्रती पाठविल्या आणि सहा खपल्या, तर हातीं एकशें ऐंशीं रुपये येतात. छपाईचे दीडशें वजा जातां तीस उरतात, आणि त्यांतच लेखक, चित्रकार व कचेरी. पांचच खपल्या तर कांहींहि उरत नाहीं. आठ खपल्या तर नव्वद उरतात. साऱ्या धंद्याचें भवितव्य दहांतल्या या दोनतीन प्रतींवर लोंबकळत असतें, आणि मराठीचा वाचकवर्ग इंग्रजीपेक्षां विखुरलेला म्हणून परतीचें भय अधिक.

तें भय कमी करण्याचे उपाय मात्र अज्ञात नाहींत. रंगीत छपाईंत चार प्लेटा लागतात, आणि संवादांचीं अक्षरें काळ्या प्लेटेंत असतात. इंग्रजी, हिंदी व मराठी अंक एकाच वेळीं छापले तर बदलावी लागते ती तेवढी काळी प्लेट, रंगाच्या तिन्ही सामाईक. पैंच्या धोरणाप्रमाणें अंकावर तारीख न घातली तर परत आलेली प्रत वायां जात नाहीं. गठ्ठा पन्नासाचा न करतां पांचाचा केला, आणि तो पहांटेच्या पेपरबरोबरच टाकला, तर निराळी गाडी लागत नाहीं. राहतां राहिला प्रश्न मांडणीचा. बहुतेक स्टॉलांवर वरच्या दोरीवर स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें असतात, कारण तीं महाग आणि तीं घेणारा उंच. चित्रकथेची जागा त्याखालीं, पांच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर यावी अशी. तेथें हल्लीं पाण्याच्या बाटल्यांचीं खोकीं रचलेलीं असतात, आणि एका बाटलीवर स्टॉलवाल्याला काय सुटतें हें प्रकाशकानें त्याला विचारूनच आपलें कमिशन ठरवावयास हवें.