सेवा आणि मजुरी

मळवली स्टेशनावर उतरले म्हणजे एका अंगास भाजे आणि दुसऱ्या अंगास कार्ले. कार्ल्याच्या लेण्यात एका भिक्षुणीच्या दानाचा लेख आहे. त्यात दान देणारीचे नाव आहे आणि ज्याने ते काम केले त्या नंदिकाचेही आहे. आम्हां कामगार संघटनेच्या माणसांना हा दुसरा तपशील फार मोलाचा वाटतो. धर्मकार्याला हात कोणाचे लागले, हे नोंदविणे त्या काळी कमीपणाचे वाटले नाही.

कॅथॉलिक धर्मभगिनी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळा येते, नाही तर दवाखाना. पण छापणे आणि छापलेले लोकांपर्यंत पोचविणे हेच ज्यांचे व्रत, असाही त्यांचा एक संघ आहे. 'डॉटर्स ऑफ सेंट पॉल' हे त्याचे नाव. इटलीतील आल्बा गावी फादर आल्बेरिओने यांनी तो १९१५ साली सुरू केला. महायुद्ध चालू होते. आरंभी या मुली सैनिकांचे कपडे शिवीत. पुढे संघाच्या प्रमुख झालेल्या तेक्ला मेर्लो याही शिवणकाम करणाऱ्याच. १९१८ च्या अखेरीस सूझा येथील धर्मप्रांताचे वर्तमानपत्र त्यांच्याकडे आले, आणि सुई ठेवून मुलींनी खिळे हाती घेतले. जुळणी त्यांची, छपाईही त्यांचीच. १९५१ साली हा संघ भारतात आला.

खिळे जुळविणे काय असते, हे आम्ही जाणतो. सोळाव्या वर्षी आम्ही एका छापखान्यात लागलो. उलटी अक्षरे वाचता वाचता जे शिकलो तेवढीच आमची विद्या. धार्मिक पुस्तक आले की मालक म्हणत, "हे पुण्याचे काम, जादा तासांचे पैसे कसले मागता?" तेव्हापासून 'सेवा' हा शब्द कानी पडला की आम्ही सावध होतो.

तरी पुष्कळ वर्षे आम्ही एक भेद मानीत आलो. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत आपखुशीने घेतलेले असते आणि तिचे आजारपण, म्हातारपण संघ पाहतो. धर्मपत्रात लिहिणाऱ्या संसारी माणसाने तसे व्रत घेतलेले नसते. त्याला वाण्याची उधारी चुकत नाही. त्याला सेवेचे पुण्य दाखवून पगार कापणे हा अन्याय होय. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात न्याय्य मजुरी आणि कामगारांची संघटना या दोन्हींचा कैवार घेतला आहे. गोव्यात पाद्र्यांनी १९३३ साली काढलेल्या कोकणी साप्ताहिकाचे नावच 'वावराड्यांचो इश्ट', म्हणजे कष्टकऱ्यांचा मित्र. मराठीत 'निरोप्या' १९०३ पासूनचा आणि वसईची 'सुवार्ता' १९५५ पासूनची; दोन्ही पाद्र्यांच्या संपादकत्वाखाली वाढली.

आमचा हा भेद किती कच्चा आहे, हे मात्र एका धर्मपत्रानेच दाखविले. व्हॅटिकनचे दैनिक 'लोस्सेर्वातोरे रोमानो' याची स्त्रियांसाठी एक मासिक पुरवणी निघते. २०१२ साली ती सुरू करणाऱ्या लुचेत्ता स्काराफ्फिया या इतिहासाच्या प्राध्यापिका, धर्मभगिनी नव्हेत. मार्च २०१८ च्या अंकात त्यांनी एक लेख छापला. बिशप आणि कार्डिनल यांच्या घरी पहाटे उठून स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या भगिनी त्यात बोलल्या होत्या. ना करार, ना कामाचे ठरलेले तास. पैसे मिळाले तर थोडे, आणि पुष्कळदा मुळीच नाहीत. व्रत दारिद्र्याचे घेतले होते, फुकटच्या चाकरीचे नव्हे, असा त्या तक्रारीचा अर्थ आम्ही घेतला. आमच्या युनियनच्या कचेरीत ती गाऱ्हाणी कोणी मांडली असती, तर ती कोणत्या कारखान्यातली हे आम्हांला विचारावे लागले असते!

वर्षभराने, मार्च २०१९ मध्ये, स्काराफ्फिया आणि त्यांचे संपादक मंडळ यांनी राजीनामे दिले. आपल्यावर अविश्वास दाखविला जातो आणि पुरुषांचा थेट अंमल लादला जात आहे, असे त्यांचे म्हणणे. दैनिकाच्या संपादकांनी ते नाकारले. पुरवणी नव्या मंडळाने पुढे चालविली. त्या लेखात बोललेल्या भगिनींची खरी नावे छापलेली नाहीत.